वेगळं करण्याची वेळ

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं, कामठी आणि कन्हान मागे टाकलं, की तासाभरात मनसर येतं. बऱ्याच गाड्या इथून उजवीकडे रामटेकला वळतात. इतिहासाची ओढ असलेले मनसरच्या टेकडीवरचे वाकाटककालीन विटांचे अवशेष पाहायला थांबतात. मनसरची दुसरी ओळख जमिनीखाली आहे. मध्य प्रांतातलं मँगनीज उपसायला एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी सुरुवात झाली ती इथे. आज मनसर, जवळची कांद्री, खाप्याजवळचं गुमगाव, भंडारा जिल्ह्यातलं चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, पलीकडे बालाघाट जिल्ह्यातलं तिरोडी, उकवा आणि भरवेली अशी खाणींची लांबच लांब रांग या पट्ट्यात आहे.

खाणीतून दगड वर येतो तेव्हा तो नुसता मँगनीजचा नसतो. सुरुंगाने फुटलेल्या ढिगात काळंभोर, जड, धातूसारखं चमकणारं खनिज असतं. त्यातच पांढरी गारगोटी असते, तपकिरी-नारिंगी गार्नेटचे दाणे असतात, अभ्रकाचे पापुद्रे असतात. भट्टीला यातलं काळं तेवढं हवं असतं. बाकीचं सोबत गेलं तर मालगाडीचं भाडं त्यालाही पडतं, भट्टीत ते वितळवायला वीज जाते, आणि शेवटी मळी म्हणून ते बाहेर टाकावंच लागतं. म्हणून दगड वर आला की पहिला प्रश्न एकच असतो: यातलं कामाचं आणि बिनकामाचं वेगळं कसं करायचं?

शाळेत आपण सगळे हा धडा शिकलो आहोत. चाळणं, पाखडणं, निवळू देणं, गाळणं, लोखंडाच्या किसातून चुंबक फिरवणं. परीक्षेत दोन-चार गुण मिळाले की धडा संपतो. नागपूर आणि भोवतालच्या मुलखात मात्र हजारो माणसांची रोजी या धड्यावर चालते. देशाच्या खनिजांची नोंद ठेवणारा भारतीय खाण ब्युरो, देशातली सर्वांत मोठी मँगनीज उत्पादक कंपनी मॉइल, कोळशाच्या खाणी चालवणारी वेकोलि आणि पाण्या-सांडपाण्यावर संशोधन करणारी नीरी, या चारही संस्थांची मुख्यालयं याच शहरात आहेत. काळा दगड, कोळसा, राख, पाणी, कचरा, असं हे सगळं एकामागून एक पाहत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. प्रत्येक मिश्रण वेगळं करण्याची एक स्वस्त वेळ असते आणि ती सुरुवातीची असते. ती चुकली की तेच काम दसपट कष्टाचं होतं, आणि काही वेळा कायमचं अशक्य होतं.

सोनझाऱ्यांचं गणित

आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला. त्यात सोनझारा या छोट्या जमातीची नोंद आहे. बालाघाट, चांदा (आजचं चंद्रपूर) या भागांतल्या नद्यांची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणं हा या लोकांचा धंदा. पसरट लाकडी भांड्यात वाळू आणि पाणी घ्यायचं, भांडं हलवत राहायचं, वरची हलकी वाळू पाण्याबरोबर सोडून द्यायची. शेवटी तळाला काळसर जड रेती उरते आणि तिच्यात सोन्याचा कण.

हे का जमतं ते आकड्यांत सांगता येतं. वाळूचा, म्हणजे गारगोटीचा, दाणा पाण्याच्या २.६५ पट जड असतो. सोनं १९.३ पट. पाण्यात बुडालेल्या वस्तूला पाणी वर उचलून धरतं, म्हणून दोन्ही आकड्यांतून पाण्याचा १ वजा करायचा. सोन्याचे उरले १८.३, वाळूचे १.६५. एकाला दुसऱ्याने भागलं की उत्तर येतं ११. खनिज अभियंते आजही पाण्याच्या मदतीने दोन खनिजं वेगळी होतील की नाही हे आधी याच भागाकाराने तपासतात. उत्तर अडीचच्या वर आलं तर काम सोपं, अगदी बारीक कणांचंही. पावणेदोन ते अडीच आलं तर दाणे फार बारीक नसतील तोवर जमतं. सव्वाच्या खाली आलं तर पाण्याच्या जोरावर वेगळं करण्याचा विचार सोडावा लागतो.

सोनझाऱ्यांनी हा भागाकार कधी केला नसेल. पण हात किती हलवायचा, पाणी केव्हा सोडायचं, कुठे थांबायचं हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. खनिजशास्त्राच्या पुस्तकांत जे सूत्ररूपाने आलं, ते त्यांच्या हातांना ठाऊक होतं. विज्ञानाचा इतिहास सांगताना या लोकांचं नाव आदराने घेतलं पाहिजे.

हात, चाळणी, जिग

मँगनीजसाठी हाच भागाकार करून पाहू. मनसर-बालाघाट पट्ट्यातलं मुख्य खनिज ब्राउनाइट. ते पाण्याच्या सुमारे ४.७ पट जड. त्यातून १ गेला, ३.७ उरले. गारगोटीच्या १.६५ ने भागलं की येतात सव्वादोनच्या आसपास. म्हणजे काम जमण्यासारखं, पण सोन्याइतकं सोपं नाही.

पाण्याआधी येतो हात. या पट्ट्यात खाणकाम सुरू झालं तेव्हापासून दगड हातोडीने फोडून, निवडून, काळा एका ढिगात आणि पांढरा दुसऱ्या ढिगात टाकण्याचं काम माणसांनी केलं आहे. त्यात आसपासच्या गावांतल्या बायकांचा वाटा फार मोठा आहे. डोळा रंग आणि चकाकी पाहतो. हात वजन जोखतो, कारण सारख्याच आकाराच्या दोन खड्यांत मँगनीजचा खडा तळहाताला लगेच कळतो. मुठीएवढ्या दगडासाठी आजही या पद्धतीला तोड नाही. तिला पाणी लागत नाही, वीज लागत नाही, आणि दगड खाणीच्या तोंडाशीच वेगळा होतो. तिची मर्यादा दुसरीकडे आहे. दाणा लहान झाला की डोळा आणि हात दोन्ही कमी पडतात, आणि उन्हात दिवसभर बसून केलेल्या या कामाची किंमत अंगाला मोजावी लागते.

मग येते चाळणी. बाहेरच्या माणसाला वाटतं, चाळणीने फक्त लहान-मोठं वेगळं होतं. खाणीत तिचं खरं काम पुढच्या यंत्रासाठी माल तयार करण्याचं आहे. सव्वादोनाच्या त्या आकड्याचा आणखी एक अर्थ असा, की गारगोटीचा दाणा मँगनीजच्या दाण्यापेक्षा सव्वादोन पट मोठा असेल तर दोघं पाण्यात सारख्याच वेगाने खाली जातात. मोठा हलका आणि छोटा जड यांच्यात पाण्याला फरक करता येत नाही. म्हणून आधी एका आकाराचे दाणे एकत्र करावे लागतात. तेव्हाच पाण्याला वजनाचा फरक दिसतो.

चाळलेला माल जिगमध्ये जातो. जिग म्हणजे पाण्याने भरलेली टाकी. तिच्यात जाळी आणि जाळीवर दाण्यांचा थर. खालून पाण्याला ठोके बसत राहतात, थर क्षणभर उचलला जातो, सैल होतो आणि पुन्हा बसतो. प्रत्येक ठोक्याला जड दाणा थोडा खाली सरकतो, हलका थोडा वर. धान पाखडताना सुपात हवेच्या जोरावर जे होतं तेच इथे पाण्याच्या जोरावर होतं. थोड्या वेळात तळाला काळा थर आणि वर पांढरट थर तयार होतो आणि दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडतात. मॉइलने आपल्या खाणींवर अशी संयंत्रं उभारली आहेत. ज्या मालाला पूर्वी हलक्या प्रतीचा म्हणून कोणी विचारत नसे, त्यातलं मँगनीज त्यामुळे हाती लागतं.

या कंपनीची कहाणीही या पट्ट्यातल्या खाणकामाइतकीच जुनी आहे. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश संस्था स्थापन झाली. पुढे तिचीच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. १९६२ मध्ये भारत सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी मिळून ५१ टक्के भागभांडवल घेतलं आणि मॉइलचा जन्म झाला. उरलेले ४९ टक्के १९७७ मध्ये सरकारकडे आले. या पट्ट्यातला काळा दगड देशभरच्या पोलादात मिसळला आहे, कारण मँगनीजशिवाय चांगलं पोलाद होत नाही. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून तर मँगनीज डायऑक्साइड निघतं. टॉर्च-रेडिओच्या कोरड्या सेलमध्ये जी काळी पूड असते, ती मुख्यतः मँगनीज डायऑक्साइडची.

जिथे पाणीही हरतं

आता गार्नेट. या पट्ट्यात सापडणाऱ्या गार्नेटचं नाव स्पेसार्टिन. ते पाण्याच्या सुमारे ४.२ पट जड. वजा १, म्हणजे ३.२. ब्राउनाइटच्या ३.७ ला ३.२ ने भागलं तर १.१६ येतात. सव्वाच्या खाली! म्हणजे गारगोटी वेगळी करणारं जिग गार्नेटपुढे हात टेकतं. दोघांची घनता इतकी जवळची आहे की पाण्याला दोघं सारखेच.

हे गार्नेट आलं कुठून? त्याचं उत्तर एल. ली फर्मोर यांनी शोधलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले हे तरुण शास्त्रज्ञ या भागातल्या खाणी पायी पालथ्या घालत होते. भारतातल्या मँगनीजवरचा त्यांचा हजारावर पानांचा ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. पुढे ते सर्वेक्षणाचे संचालकही झाले. गार्नेट आणि गारगोटीच्या या खास दगडाला त्यांनी इथल्या गोंड लोकांवरून गोंडाइट हे नाव दिलं. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आज तो याच नावाने ओळखला जातो.

फर्मोर यांचं म्हणणं थोडक्यात असं. अतिप्राचीन काळी हा सगळा प्रदेश पाण्याखाली होता आणि तळाशी गाळ साचत होता. कुठे मँगनीजचा गाळ शुद्ध साचला, कुठे तो चिखल आणि वाळूत मिसळून साचला. पुढे हे थर खोल गाडले गेले, प्रचंड दाब आणि उष्णता यांनी भाजून निघाले. जिथे गाळ शुद्ध होता तिथे मँगनीजचं उत्तम खनिज तयार झालं. जिथे चिखल मिसळलेला होता तिथे मँगनीज, ॲल्युमिनियम आणि सिलिका रासायनिक बंधाने एक होऊन गार्नेट झालं. गाळ ओला होता तोवर ते मिश्रण होतं. भाजलं गेल्यावर ते संयुग झालं. शुद्ध स्पेसार्टिनमध्ये वजनाने एक तृतीयांश मँगनीज आहे. तरी जिग, चाळणी, चुंबक यांच्यापैकी कोणीही ते बाहेर काढू शकत नाही, कारण दाणा कितीही बारीक दळला तरी प्रत्येक कणात तिन्ही घटक असतातच. भौतिक गुणधर्मांच्या जोरावर मिश्रण वेगळं होतं, संयुग होत नाही.

चांगल्या खनिजालाही ही मर्यादा आहे. ब्राउनाइटच्या घडणीतच सुमारे दहा टक्के सिलिका बांधलेली असते. म्हणजे बाहेरची गारगोटी कणभरही न ठेवता सगळी काढली, तरी ती दहा टक्के सिलिका भट्टीपर्यंत जाणारच. ती काढायचं काम भट्टीतल्या आगीचं.

फर्मोर यांच्याच कामातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. नागपूर जिल्ह्यातल्या बेलडोंगरीच्या खाणीत त्यांना एक काळं खनिज सापडलं. बहुतेक मँगनीज खनिजांकडे साधं चुंबक ढुंकूनही पाहत नाही, हे मात्र चुंबकाला जोरात चिकटत होतं. त्याला त्यांनी आपल्या सहकारी शास्त्रज्ञाच्या नावावरून व्रेडेनबर्गाइट असं नाव दिलं. पुढे सूक्ष्मदर्शकाची तंत्रं सुधारली तेव्हा कळलं की ते एक खनिज नाहीच. जेकबसाइट आणि हाउसमनाइट या दोन खनिजांचं ते अतिशय बारीक विणलेलं मिश्रण आहे, आणि चुंबकाला ओढ आहे ती त्यातल्या जेकबसाइटची. एकजीव दिसणाऱ्या वस्तूतही दोन वस्तू असू शकतात. त्या दिसायला लागणारं साधन आपल्यापाशी आलेलं नसतं, इतकंच.

दगडात नेमकं काय किती बारीक गुंतलं आहे हे तपासण्याचं काम नागपुरातच होतं. भारतीय खाण ब्युरोची स्थापना १ मार्च १९४८ ची. त्याची खनिज प्रक्रिया प्रयोगशाळा आणि प्रायोगिक संयंत्र हिंगण्याच्या एमआयडीसीत आहे. अशा प्रयोगशाळेत आधी दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मग भुकटी जड द्रवांत सोडतात. ब्रोमोफॉर्म हा द्रव पाण्याच्या सुमारे २.९ पट जड असतो. त्यात गारगोटी चक्क तरंगते आणि मँगनीज बुडतं. नंतर चुंबकाचा जोर हळूहळू वाढवत कोणता दाणा केव्हा ओढला जातो हे नोंदवतात. ब्राउनाइटला साध्या चुंबकाची ओढ नसली तरी फार तीव्र चुंबकीय क्षेत्रात ते थोडं खेचलं जातं, गारगोटी खेचली जात नाही. जिगच्या आवाक्याबाहेरचा बारीक माल या गुणाच्या जोरावर वेगळा करता येतो.

या सगळ्यात खर्च कुठे होतो? दळण्यात. दाणे एकमेकांपासून सुटे झाल्याशिवाय कोणतीच पद्धत चालत नाही, आणि दगड जितका बारीक दळावा तितकी वीज जास्त. शिवाय फार दळलं की गाळ होतो. तो पाण्यात ना नीट बुडतो ना नीट तरंगतो. म्हणून ज्या दगडाचा काळा आणि पांढरा भाग मुठीएवढ्या आकारात सुटा होतो, तो तिथेच निवडून काढणं हा सर्वांत शहाणा मार्ग. खाणीच्या तोंडाशी हातोडी घेऊन बसलेली बाई ज्या टप्प्यावर काम करते, तो पूर्ण साखळीतला सर्वांत मोलाचा टप्पा आहे.

कोळसा आणि राख

मनसरहून परतताना कोराडी आणि खापरखेड्याच्या चिमण्या दुरून दिसतात. इथे मिश्रण दुसरं आहे. कोळसा पाण्याच्या सुमारे १.४ पट जड, त्यातला दगड २.४ च्या आसपास. तोच भागाकार केला तर साडेतीन येतात. म्हणजे कोळसा धुणं मँगनीजपेक्षा सोपं असायला हवं. त्याची रीतही सुंदर आहे. पाण्यात मॅग्नेटाइटची बारीक पूड कालवून त्याची घनता दीडच्या आसपास आणतात. अशा पाण्यात कोळसा तरंगतो, दगड तळाशी जातो. काम झालं की माल धुऊन चुंबकाच्या पिंपाने ती पूड परत गोळा करतात आणि पुन्हा वापरतात. घनतेने एक वेगळं केलं, चुंबकाने दुसरं.

प्रत्यक्षात मात्र आपला गोंडवाना कोळसा हट्टी आहे. तो तयार झाला तेव्हा झाडांच्या अवशेषांत पाण्याबरोबर आलेली माती खोलवर मिसळली. त्यामुळे खूपसे तुकडे ना धड कोळसा ना धड दगड, अधल्यामधल्या घनतेचे. असा कोळसा धुतला तर दगडाबरोबर जळण्यासारखाही बराच भाग टाकून द्यावा लागतो. १९९७ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने नियम केला, की खाणीपासून हजार किलोमीटरहून दूर असलेल्या वीजकेंद्रांना ३४ टक्क्यांपेक्षा जास्त राखेचा कोळसा वापरता येणार नाही. पुढे हे अंतर कमी करण्यात आलं. मे २०२० मध्ये राखेच्या मर्यादेचा नियमच मागे घेण्यात आला. प्रदूषण वीजकेंद्रातून उचलून धुलाईकेंद्राच्या दारात नेण्यात काय फायदा, असा त्यामागचा युक्तिवाद होता. धुण्याबद्दल तो काही अंशी खरा आहे. खाणीत कोळशाच्या थरांमध्ये येणारे दगडाचे पट्टे तिथल्या तिथे बाजूला काढण्याबद्दल मात्र तो खरा नाही. त्या कामाला पाणी लागत नाही. लागते ती नियत आणि देखरेख.

ते झालं नाही तर दगड मालगाडीत बसून भट्टीत पोचतो आणि राख होतो. तिथेही वेगळं करण्याची एक चांगली संधी मिळते. धुराबरोबर वर जाणारी राख चिमणीआधीच्या स्थिरविद्युत यंत्रात अडवली जाते. धूर उच्च दाबाच्या तारांमधून जातो, राखेच्या कणांवर विद्युतभार बसतो आणि ते समोरच्या पत्र्यांना चिकटतात. तिथून खाली पडते ती कोरडी, पिठासारखी मऊ राख सिमेंट आणि विटांसाठी उत्तम माल असते. यंत्राच्या वेगवेगळ्या कप्प्यांत वेगवेगळ्या जाडीची राख आपोआप वेगळी मिळते. म्हणजे वर्गवारीही फुकट.

आणि मग अनेक वर्षं आपण काय केलं? ती वेगळी झालेली राख पाण्यात कालवली, भट्टीच्या तळाच्या जाड राखेत मिसळली आणि पाइपने राख बंधाऱ्यात सोडली. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीत कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला आणि राखेचा लोंढा शेतांत, नाल्यांत शिरला. मातीत शिरलेली राख तिथून वेगळी काढण्याची कोणतीही परवडणारी पद्धत जगात नाही. पत्र्यावरून झटकून घेण्याइतकी सोपी असताना जी गोष्ट हाती होती, ती आपण हातातून जाऊ दिली. राखेच्या वापराचे नियम १९९९ पासून आहेत आणि डिसेंबर २०२१ मध्ये ते आणखी कडक झाले. पण नियमाचं मोल कोरडी राख कोरडीच उचलण्यात आहे.

पाण्यात विरघळलेलं

नेहरू मार्गावरची नीरी १९५८ साली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून सुरू झाली. १९७४ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. पाण्यातली माती काढणं हे तसं जुनं काम. निवळीचं बी उगाळून किंवा तुरटी फिरवून गढूळ पाणी स्वच्छ करण्याची रीत आपल्या घरांत होती. मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर सारखाच विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलत राहतात आणि बुडत नाहीत. तुरटी तो भार मोडते, कण एकत्र येतात, गोळा होऊन खाली बसतात. मग वाळूतून गाळलं की झालं. वीज नसलेल्या पूरग्रस्त भागासाठी नीरीने तयार केलेला 'झर' हा गाळणीसंच याच तत्त्वावर चालतो.

कठीण आहे ते विरघळलेलं. फ्लोराइडयुक्त पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, त्याला वास नाही, आणि फडक्यातून शंभरदा गाळलं तरी फ्लोराइड त्यात तेवढंच राहतं. विदर्भात यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांनी असं पाणी पिऊन दातांवर डाग आणि हाडांत दुखणं सोसलं आहे. नीरीच्या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात यावर जी पद्धत विकसित केली ती नलगोंडा पद्धत म्हणून ओळखली जाते. पाण्यात चुना आणि तुरटी ठरावीक प्रमाणात घालून ढवळायचं. त्यातून तयार होणारा कापसासारखा साका फ्लोराइडला धरून तळाशी बसतो. जे बुडत नव्हतं त्याला बुडणाऱ्याच्या हाती सोपवायचं आणि मग नेहमीसारखं निवळून गाळून घ्यायचं. बादलीतही करता येईल इतकी साधी ही पद्धत नागपूरने देशाला दिली, याचा अभिमान वाटतो.

शहराच्या सांडपाण्याचं उदाहरणही सांगण्यासारखं आहे. भांडेवाडीत शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राकडे नेलं जातं आणि तिथल्या कामाला वापरलं जातं. तेवढं धरणाचं पाणी पिण्यासाठी वाचतं. सांडपाणी नळ्यांतून एकत्र येऊन केंद्रात पोचलं म्हणून हे शक्य झालं. जे नाग नदीत मिसळलं ते गेलं.

भांडेवाडीचा ढीग

नागपूरकरांना भांडेवाडी हे नाव सांडपाण्यापेक्षा कचऱ्यासाठी जास्त ठाऊक आहे. वर्षानुवर्षं साचलेला ढीग, उन्हाळ्यात पेटणारी आग, आसपासच्या वस्त्यांत पसरणारा धूर. असा जुना ढीग उपसण्यासाठी जी यंत्रं लागतात ती मनसरच्या वाटेवर भेटलेलीच आहेत. फिरती गोल चाळणी माती खाली पाडते. हवेचा झोत प्लास्टिक आणि कापड उडवून बाजूला नेतो. चुंबक लोखंड उचलतं. विटा-दगड वजनाने खाली राहतात. तत्त्व तेच, पण हाती येणारा माल फार वेगळा. माती काचेच्या आणि प्लास्टिकच्या तुकड्यांनी भरलेली, प्लास्टिक चिखलाने माखलेलं, कागद तर उरलेलाच नाही.

असं का होतं हे आता सांगायला नको. कागद कोरडा असतो तेव्हा हलका असतो, सुटा असतो, रद्दीवाला त्याचे पैसे देतो. त्यावर वरणभात सांडला की त्याचे ते गुणधर्मच बदलतात. तो जड होतो, चिकटतो, कुजतो. भाजीचे देठ एकटे असतील तर त्यांचं खत होतं. त्यांच्यात सेल आणि ट्यूबलाइटचा काच-पारा मिसळला की ते खत शेतात टाकण्याजोगं राहत नाही. ज्या फरकांच्या आधारावर वेगळं करायचं, ते फरकच आपण बादलीत पुसून टाकतो. मग महापालिकेने कितीही महाग यंत्र आणलं तरी ते आपल्या स्वयंपाकघरातल्या दोन मिनिटांची भरपाई करू शकत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारांत कचरा घरातच वेगळा ठेवणं बंधनकारक केलं. त्यामागे हेच साधं शास्त्र आहे.

आणखी एका वर्गाचं ऋण इथे मान्य केलं पाहिजे. आपण मिसळलेलं पुन्हा वेगळं करण्याचं काम नागपुरात आजही हजारो कचरावेचक करतात. त्यांत बायकाच जास्त. मनसरची बाई काळा-पांढरा दगड निवडते, ही बाई आपल्या घरातली घाण हाताने उपसून त्यातली बाटली, पत्रा, पुठ्ठा बाहेर काढते. पहिलीचं काम निसर्गाने लादलं. दुसरीचं आपण लादलं आहे, आणि ते आपण उद्यापासून थांबवू शकतो.

दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येक घरातून संपलेले सेल, जुने दिवे, फुटकी खेळणी, रद्दी, खोकी असा ढीग निघतो. त्या सेलमधली काळी पूड कुठल्या तरी खाणीतून माणसांनी निवडून, चाळून, धुऊन वर आणलेली आहे. ती भाजीच्या देठांत टाकू नका. घरात तीन डबे ठेवा. ओलं ओल्यात, सुकं सुक्यात आणि सेल, दिवे, औषधं तिसऱ्यात. गाडीवाला तुमच्यासमोर तिन्ही एकत्र ओतत असेल तर त्याला थांबवा, आपल्या नगरसेवकाला विचारा, वस्तीतल्या चार घरांना सोबत घ्या. वेगळं करण्याची सर्वांत स्वस्त वेळ आपल्या हातात आहे. ती वाया घालवू नका.